कौलं उडाली, पोफळी आडव्या झाल्या: आता कुठून सुरुवात करायची?

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. आमचं गाव रायगडच्या दक्षिण टोकाला, समुद्रापासून पायी वीस मिनिटांवर. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं, कारण वीज आणि मोबाइल दोन्ही आधीच गेलेले. लॉकडाऊनमुळे मुंबईची मंडळीही गावीच होती. माजघरात आम्ही नऊ माणसं बसलो होतो, आणि मागच्या आगरातून, म्हणजे माड-पोफळींच्या वाडीतून, आवाज येत होते. पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, मधून मोडते तेव्हा फटाका वाजल्यासारखा आवाज होतो. पहिले पन्नास आम्ही मोजले, मग सोडून दिलं.

वारा चार-पाच तासांत गेला. त्याचे कागद मात्र मी दीड वर्ष करत होते. घरात तहसील, बँक, ग्रामपंचायत करायला मोकळी मीच, म्हणून सगळ्या फायली सुनेच्या गळ्यात. चुका भरपूर केल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा आळीतली माणसं "वहिनी, काय काय लागतं हो?" म्हणून दारात आली. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. कोकणातल्या घर-वाडीच्या अनुभवातून लिहितेय. घाटावरच्यांनी वाडीच्या जागी द्राक्षबाग किंवा केळी धरावी, कागद बहुतेक तेच.

१. वारा थांबला तरी पक्की खबर येईपर्यंत घरातच राहा

वादळाचा डोळा तुमच्या गावावरून जात असेल तर मध्ये एकदम शांत होतं. ऊनसुद्धा पडू शकतं. माणसं छप्पर बघायला बाहेर येतात आणि मग वारा उलट्या दिशेने सुटतो. मघाशी दक्षिणेला कललेलं झाड आता उत्तरेला पडतं. रेडिओवर किंवा पोलीस पाटलांकडून पक्की खबर येईपर्यंत उंबरठा ओलांडायचा नाही.

बाहेर पडलात की आधी तारा बघा. झावळ्यांखाली तार दडलेली असते. वीज गावभर गेलेली असली तरी पडलेल्या तारेला हात नाही आणि काठीही नाही. घरचा मेन स्विच खाली पाडून ठेवा. पुरवठा कधी परत येईल ते सांगून येत नाही, आणि तेव्हा भिंती ओल्या असतात. कुणी जनरेटर आणला तर तो घरच्या वायरिंगला परस्पर जोडू देऊ नका. ती वीज उलटी खांबावर जाते आणि खांबावर महावितरणचा माणूस असतो.

नंबर तीनच पाठ करा: ११२ आपत्कालीन मदतीसाठी, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा, १९१२ महावितरणचा. रेंज नसेल तर एक माणूस दुचाकीवर डोंगरावर पाठवून सगळ्या आळीचे निरोप एकदम द्या.

ढिगाऱ्यात अनवाणी जायचं नाही. पत्र्याचे खिळे असतात, आणि कौलांच्या ढिगात सापाला आयतं घर मिळतं. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात उतरलात आणि पुढे ताप आला, तर अंगावर काढू नका, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) हा कोकणातल्या पावसाळ्याचा नेहमीचा पाहुणा आहे. विहिरीत झाड पडलं असेल तर ते काढून, पाणी उपसून, ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या. तोपर्यंत पाणी उकळूनच प्या.

२. झाडू हातात घेण्याआधी फोटो

माझी सगळ्यात महाग चूक ही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी आणि मी ओटी लख्ख केली. फुटकी कौलं टोपल्यांनी भरून बांधाला टाकली, भिजलेल्या गाद्या वाळत घातल्या, पडवीवर ताडपत्री ओढली. पंचनाम्याला माणसं आली दहाव्या दिवशी. त्यांना दिसलं काय, तर सारवलेलं अंगण आणि निळी ताडपत्री. "फार नाही गेलेलं तुमचं," असं म्हणून ते निघाले, आणि त्यात त्यांचीही चूक नव्हती.

म्हणून फोटो आधी, आणि ते असे काढा:

प्रत्येक खोलीचा दारातून एक आणि आत उभं राहून वर छपराचा एक. बाहेरून घराच्या चारी बाजू. निदान एका फोटोत घरनंबरची पाटी किंवा विजेचा मीटर दिसू दे, म्हणजे घर तुमचंच हे सिद्ध होतं. एका फोटोत घरातलं माणूस उभं असावं. मोबाइलमध्ये तारीख, वेळ आणि ठिकाण फोटोवर उमटवणारं अ‍ॅप असेल तर उत्तम. नसेल तर मूळ फोटो पुसू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोतून ती माहिती निघून जाते. भांडी, धान्य, कपडे भिजले असतील तर ते ओटीवर मांडून एकत्र फोटो. गोठा, विहिरीवरचा पंप, शौचालय हे हमखास राहतं.

मोबाइलची बॅटरी संपत आलेली असते. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर आळीभरचे मोबाइल चार्ज होत होते, पाळी लावून.

घर गळत असेल तर ताडपत्री टाकायलाच हवी, जून तुमच्यासाठी थांबत नाही. फोटो काढायला अर्धा तास लागतो, तेवढा काढा आणि मग खुशाल टाका. फुटकी कौलं मात्र पंचनामा होईपर्यंत लांब नेऊन टाकू नका, घराच्या कडेला रचून ठेवा.

३. कागदांची पिशवी

वादळाच्या आधीच करून ठेवायची ही गोष्ट आहे. नसेल केली तर आता करा. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा, कारण तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे पुढचे पंधरा दिवस रांग असते.

- घराचा असेसमेंट उतारा (ग्रामपंचायतीचा नमुना ८) आणि चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती
- जमिनीचा सातबारा आणि ८ अ
- आधार कार्ड, रेशन कार्ड
- बँक पासबुकाचं पहिलं पान, त्यावर खातं नंबर आणि आयएफएससी स्पष्ट दिसायला हवा
- वीजबिल, म्हणजे त्या घरात माणूस राहतो याचा पुरावा
- मृत मालकाचा मृत्यूचा दाखला, लागू असेल तर
- सहहिस्सेदारांचं संमतीपत्र (याचं रामायण पुढे)
- शेतकरी ओळख क्रमांक काढला असेल तर तो
- होडी असेल तर तिच्या नोंदणीचे कागद

घरपट्टी थकली असेल तर ग्रामपंचायतीत तोंड दाखवायला जड जातं हे खरं. तरी जा. उतारा लागणारच आहे.

आणखी एक. २०२४ पासून तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी. अर्जावर नवं नाव लिहा. गावात मात्र तलाठी अजून तलाठीच आहे, मीही खाली तेच म्हणते.

४. सातबारा कुणाच्या नावावर आहे?

वाऱ्याने जेवढं नेलं नाही तेवढं या प्रश्नाने नेलं, असं म्हणणारी घरं आमच्या आळीत चार आहेत.

आमचं आगर वीस गुंठ्यांचं. सातबारावर नावं अकरा. त्यातली तीन माणसं देवाघरी गेलेली, दोन लालबागला, तीन डोंबिवली-विरारकडे, एक आत्या बडोद्याला, आणि गावात प्रत्यक्ष शिंपणं-खणणं करणारे फक्त माझे सासरे आणि चुलतसासरे. मदत मिळते ती सातबारावरच्या नावाला. घाम कुणाचा, ते तिथे लिहिलेलं नसतं.

यातून दोन वाटा निघतात.

पहिली, तातडीची: संमतीपत्र. बाकीच्या हिस्सेदारांनी लिहून द्यायचं की मदतीची रक्कम अमक्याच्या खात्यात जमा करायला आमची हरकत नाही. साध्या कागदावर चालतं की स्टॅम्पपेपर लागतो, हे आधी तलाठ्याला विचारून घ्या. ठिकाणागणिक उत्तर बदलतं, आणि दोनदा मुंबईला सह्यांसाठी फिरण्यात काही अर्थ नाही. मजकूर साधाच असतो:

"आम्ही खाली सही करणार, मौजे अमुक येथील गट नंबर अमुक या सामाईक जमिनीचे सहहिस्सेदार. सदर जमिनीची वहिवाट श्री. अमुक हे करतात. दिनांक अमुक रोजीच्या चक्रीवादळात झालेल्या नुकसानीची शासकीय मदत त्यांच्या बँक खात्यात जमा करण्यास आमची हरकत नाही. ही संमती फक्त या मदतीपुरती असून जमिनीतील आमचा हक्क, हिस्सा कायम आहे."

शेवटचं वाक्य विसरू नका. आमच्या पहिल्या मसुद्यात ते नव्हतं, आणि डोंबिवलीच्या दिरांना वाटलं की गावचे लोक या निमित्ताने जमीनच लिहून घेतायत. सहा महिने बोलणं बंद होतं. ते एक वाक्य घातल्यावर सही दोन मिनिटांत झाली. प्रत्येकाच्या सहीसोबत आधारची झेरॉक्स जोडा आणि जमा केलेल्या संमतीपत्राची पोच घ्या. आमचं एक संमतीपत्र कुठल्याशा टेबलावर गडप झालं होतं. पोच होती म्हणून निभावलं.

दुसरी वाट लांबची पण कायमची: वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही होतो. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीची मुदत जाते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वादळानंतरच्या धावपळीत हे होत नाही. म्हणून गणपतीला सगळे गावी येतात तेव्हा आरती झाल्यावर विषय काढा. मुंबईची मंडळी मोदक खाऊन जरा मऊ झालेली असतात.

घराचंही असंच. असेसमेंट आजोबांच्या नावावर, आत दोन भावांच्या दोन चुली. एका घरनंबराला एकच पंचनामा, मग पैसे वाटताना भांडण. चूल वेगळी असेल तर रेशन कार्ड वेगळं हवं आणि असेसमेंटही वेगळं लावून घ्यायला हवं.

दुसऱ्याचं आगर खंडाने किंवा नुसत्या शब्दावर करणाऱ्यांनी मालकाशी आत्ताच बोलून ठेवावं. पैसे मालकाच्या खात्यात जाणार हे धरूनच चाला.

मुंबईत राहणाऱ्यांसाठी: तुमचं गावचं घर कुलूपबंद असेल तर पंचनाम्याची माणसं बाहेरून बघून पुढे जातात. किल्ली, उताऱ्याची झेरॉक्स आणि तुमचा नंबर शेजाऱ्याकडे ठेवा. राहत नसलेल्या घराला कपडे-भांड्यांची मदत मिळत नाही, त्यासाठी हुज्जत घालू नका. घराच्या पडझडीची नोंद मात्र करून घ्या.

५. पंचनामा: त्या वीस मिनिटांत काय करायचं

शेतीचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. घरासाठी तलाठी आणि ग्रामसेवक येतात, पडझड मोठी असेल तर अभियंत्याचाही अभिप्राय घेतात. या माणसांकडे त्या आठवड्यात चार-पाच गावं असतात, रस्त्यावर झाडं आडवी, पेट्रोल नाही. त्यांच्यावर ओरडून काही होत नाही. चहा द्या, पिशवी उघडून बसा.

पंचनाम्यातले दोन शब्द तुमची रक्कम ठरवतात: 'पूर्णतः' आणि 'अंशतः'. नुसतं "कौले उडाली" असं लिहू देऊ नका. आडं मोडलं का? वासे किती गेले? भिंतीला तडा कुठून कुठपर्यंत? एखादी बाजू जोत्यापर्यंत ढासळली का? हे सगळं आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. अंशतः नुकसानीत बसायलाही किमान १५ टक्के पडझड लागते. पिकाला आणि बागेला मदत मिळायला नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. टक्का हा शेवटी डोळ्यांचा अंदाज असतो, आणि तुमचे फोटो आणि मोजणी त्या अंदाजाला आधार देतात.

सही करण्याआधी पूर्ण वाचा. चष्मा लागत असेल तर चष्मा शोधा, माणसं थांबतात. नाव आधारप्रमाणे आहे का, गट नंबर आणि घरनंबर बरोबर आहे का, खातं नंबरातले आकडे जुळतात का बघा. कोऱ्या किंवा पेन्सिलीने भरलेल्या कागदावर सही नाही. सही झाल्यावर मोबाइलने त्याचा फोटो काढून घ्या.

तुमचं घर राहिलं तर? तहसीलदारांच्या नावे एका पानाचा अर्ज, फोटो जोडून, आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते तेव्हा जाऊन स्वतः बघा. दाद लागली नाही तर प्रांत, मग जिल्हाधिकारी. माझं शेवटचं हत्यार माहितीचा अधिकार होतं: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, "माझ्या घराच्या पंचनाम्याची प्रत द्यावी" एवढी एक ओळ, आणि तीस दिवसांची मुदत. प्रत मिळाली आणि त्यात घरनंबर शेजाऱ्यांचा पडलेला निघाला.

६. झाडं मोजा, एकेक करून

आमच्या आळीने एक काम बरोबर केलं. चुलतसासऱ्यांनी चुन्याचा डबा आणि कुंचा घेतला आणि पडलेल्या प्रत्येक पोफळीच्या खोडावर नंबर टाकला. मुळासकट उपटलेली असेल तर नुसता नंबर, मधून मोडलेली असेल तर नंबराखाली आडवी रेघ. माडाला गोल. सासरे मागून वहीत लिहीत होते. साडेतीनशे पोफळींपैकी ३११ गेल्या, अठरा माडांपैकी सात. जायफळाची दोन झाडं माडाखाली चिरडली.

त्याचा उपयोग नंतर कळला. सुरुवातीला फळबागेचं नुकसान हेक्टरावर धरलं जात होतं, हेक्टरी ५० हजार. ऐकायला मोठं, पण वीस गुंठ्यांचे होतात दहा हजार. कोकणातली आगरं गुंठ्यांतच असतात आणि झाडं दाटीने. गावोगावहून ओरड झाली आणि मग शासनाने झाडामागे दर ठरवला: पोफळीला ५० रुपये, माडाला २५०. आमचा हिशेब १७,३०० वर गेला. सहा-सात वर्षं वाढवलेल्या झाडाला पन्नास रुपये ही थट्टाच आहे, ते वेगळं. पण दर आला तेव्हा ज्यांनी खोडं मोजायच्या आधीच तोडून पेटवली होती, त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

म्हणून खोडं हलवायच्या आधी नंबर, फोटो, वही. वहीवर कृषी सहायकांची सही मिळाली तर सोन्याहून पिवळं.

झाडं तोडायला कटरवाले येतात. "साफसफाई फुकट करतो, लाकूड आम्ही नेतो," असं कुणी म्हणालं तर आधी फणस, आंबा, साग यांचं लाकूड किती आहे ते जाणत्याला दाखवा. आमच्याकडे एकाचा शंभर वर्षांचा फणस असाच 'फुकट' गेला. साग, खैर असेल तर हात लावण्याआधी वनखात्याला विचारा. तोडीला आणि वाहतुकीला परवाना लागतो.

७. किती मिळतं, खरंखुरं

दर प्रत्येक वादळानंतर निघणाऱ्या शासन निर्णयावर असतात. केंद्राचे आपत्ती मदतीचे निकष हा पाया, राज्य त्यावर भर घालू शकतं. निसर्गच्या वेळी राज्याने भर घातली होती: पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० ऐवजी दीड लाख, कपड्यांना आणि भांड्यांना प्रत्येकी पाच हजार.

२०२२-२३ ते २०२५-२६ साठीचे केंद्राचे निकष असे: पूर्ण पडलेलं घर सपाट भागात १,२०,०००, डोंगराळ भागात १,३०,०००. अंशतः पडझड, पक्कं घर ६,५००, कच्चं ४,०००. झोपडी ८,०००. गोठा ३,०००. कपडे २,५०० आणि भांडी २,५००. बहुवार्षिक पिकं हेक्टरी २२,५००, दोन हेक्टरांपर्यंत. दुभती गाय किंवा म्हैस ३७,५००, शेळी ४,०००. होडी पूर्ण गेली तर १५,०००, दुरुस्तीला ६,०००. माणूस गेला तर चार लाख.

तुमच्या वादळाचा शासन निर्णय तहसीलमध्ये किंवा महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तक्ता दोन वादळांपूर्वीचा असतो.

विमा वेगळा. सरकारी मदत मिळाली म्हणून विमा बुडत नाही. आंबा-काजूचा फळपीक विमा हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो. नारळाला नारळ विकास मंडळाची विमा योजना आहे, हप्ता झाडामागे काही रुपयांचा, पण तो वादळाआधी भरलेला असावा लागतो. गाडी झाडाखाली सापडली असेल तर हलवण्यापूर्वी फोटो काढा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.

८. पैसे मंजूर झाले, पण खात्यात कुठे आहेत?

यादीत नाव, पुढे रक्कम, खात्यात शून्य. बहुतेक वेळा कारण यातलं एक असतं. बँका एकमेकींत विलीन झाल्या आणि पासबुकावर जुनाच आयएफएससी राहिला. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून खातं बंद पडलेलं. आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं, पैसे तिकडे गेलेले. किंवा सातबारावर 'सिताराम' आणि आधारवर 'सीताराम'.

हल्ली शेतीची मदत थेट खात्यात येते. तलाठ्याकडे यादीतला तुमचा विशिष्ट क्रमांक असतो, तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठ्याची ई-केवायसी करायला सांगतात. म्हाताऱ्या माणसांचे ठसे कष्टाने झिजलेले असतात. सासऱ्यांचा अंगठा चार वेळा उठला नाही; हात कोमट पाण्याने धुऊन, खोबरेल चोळून, पुसून पाचव्या वेळी उठला. शेतकरी ओळख क्रमांक असेल तर केवायसी लागते का, ते आधी विचारा, खेप वाचते.

मदतीच्या रकमेतून बँकेने थकलेलं कर्ज कापू नये अशी सूचना शासन निर्णयात असते. कापलं तर त्या निर्णयाची प्रत घेऊन शाखेत जा. "फॉर्म भरून देतो, पाचशे रुपये" म्हणणारे आणि फोनवर ओटीपी मागणारे याच दिवसांत उगवतात. दोघांनाही दारातूनच परत पाठवा.

९. छप्पर पुन्हा घालताना

पत्र्याला त्या जूनमध्ये सोन्याचा भाव आला होता. मिळेल ते पातळ पत्रे घेऊन, मिळेल त्या सुताराकडून ठोकून घेतलेली छपरं तौक्तेत पुन्हा फडफडली. पावसाळा ताडपत्रीवर काढता येत असेल तर काढा आणि दिवाळीनंतर नीट करा.

वारा छप्पर वरून दाबत नाही, वळचणीखालून शिरून उचलतो. म्हणून कडेच्या दोन ओळी आणि चारी कोपरे यांना मधल्या भागापेक्षा दाट हुक हवेत. नुसता खिळा उपटून येतो. जे-हुक किंवा वॉशरचा स्क्रू घ्या. पत्रा वाशाला, वासा लगीला (खालच्या आडव्या तुळईला) आणि लगी भिंतीला किंवा खांबाला, ही साखळी कुठेही सुटी नको. आमचे वासे नुसते टेकवलेले होते, शंभर वर्षं वजनाने बसले होते. कौलारूच करणार असाल तर वळचणीची पहिली ओळ तारेने बांधा आणि आड्यावरची कोनाची कौलं बांधकामाच्या मसाल्यात बसवा. पडवीचं छप्पर मुख्य घराच्या छपरापासून तोडून, वेगळं करा, म्हणजे गेलं तर ते एकटंच जाईल. जुने सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर कोरडे कापू नका, त्यांची धूळ छातीत जाते, भिजवून उचला.

१०. आगर

इथे घाई करावी लागते, आणि मनाला ते जमत नाही. सासरे आठवडाभर आगराकडे फिरकले नाहीत.

कललेलं लहान माड किंवा आंब्याचं कलम पहिल्या काही दिवसांत उभं करता येतं. फांद्या निम्म्यापर्यंत छाटा, दोरांनी हळूहळू सरळ करा, मुळांवर माती चढवा, तीन बाजूंनी टेकू द्या, कापलेल्या जागांना बोर्डो पेस्ट लावा. मोठ्या माडाचा शेंडा बघा: मधली सुई (न उघडलेलं कोवळं पान) हिरवी आणि घट्ट असेल तर झावळ्या सगळ्या गेल्या तरी तो वाचतो. उपटलेली पोफळ मात्र गेली.

पडलेले माड आगरात कुजत ठेवू नका. त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि वर्षभरात उभ्या राहिलेल्या माडांचे शेंडे पोखरतो. आमचे दोन माड वादळातून वाचले आणि भुंग्याने गेले.

जायफळ आणि मिरीचं दुखणं वेगळंच. वरची सावली गेली की ऑक्टोबरच्या उन्हात पानं करपतात. लगेच केळी लावा, सात-आठ महिन्यांत सावली धरते.

रोपांसाठी ट्रकवाल्याकडे जाऊ नका. वादळानंतर कुठल्याही जातीची रोपं 'श्रीवर्धनी रोठा' या नावाजलेल्या सुपारीची म्हणून विकली जातात आणि ती काय आहेत हे सहा वर्षांनी, पोय (फुलोरा) आल्यावर कळतं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र इथे नाव नोंदवून थांबा. वर्ष गेलं तरी चालेल. रोजगार हमीतून फळबाग लागवडीला अनुदान मिळतं, त्यासाठी जॉब कार्ड काढून घ्या. सातबारा तिथेही लागतो, म्हणजे चौथ्या मुद्द्याकडे परत.

११. एप्रिलअखेरची दोन कामं

घरावर झुकलेल्या फांद्या एप्रिलअखेर उतरवा, आणि माडांवरची सुकी झावळ व जून नारळ पाडून घ्या. वाऱ्यात नारळ तोफगोळ्यासारखा येतो. आमच्या घरी कागदांची पिशवी आता स्टीलच्या पिठाच्या डब्यात असते, घट्ट झाकणाच्या, माजघरातल्या फडताळात सगळ्यात खाली. वादळात आमच्या घरातली कोरडी राहिलेली जागा ती एकच होती. पीठ प्लास्टिकच्या डब्यात गेलं, सासूबाई अजून कुरकुरतात.